मागडी रोड: बंगळूरच्या तहाचं दुसरं टोक



आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा काय विषय झाला? आज आपण एका रस्त्याबद्दल बोलणार आहोत, आणि तोही काही ग्रँड ट्रंक रोड नव्हे. बंगळूरच्या रेल्वे स्टेशनच्या पश्चिमेकडून निघायचं आणि मागडी नावाच्या तालुक्याच्या गावी पोचायचं. अंतर सुमारे 50 किलोमीटर. सरकारी कागदावर हा कर्नाटकाचा राज्य महामार्ग 85. शहर सुटलं की कडेला मैलाचे दगड दिसू लागतात. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गाचं हिरवं. हा 85 नंबर मागडीच्या पुढेही जातो, थेट दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या जालसूरपर्यंत. पण आपल्याला तेवढं लांब जायचं नाही. आपला विषय पहिला तुकडा, बंगळूर ते मागडी.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. मी बरीच वर्षं बंगळुरात आहे. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की त्यांना शहर दाखवायचं काम माझ्याकडे येतं. मी त्यांना चिकपेटेत नेतो आणि सांगतो, शहाजीराजांचा वाडा याच भागात होता असं मानतात. मल्लेश्वरमला नेतो, काडु मल्लेश्वराच्या देवळात व्यंकोजीराजांच्या दानाची गोष्ट सांगतो. मग ठरलेलं वाक्य येतं: "1638 मध्ये शहाजीराजांनी बंगळूर घेतलं." पाहुणे खूश होतात. मीही खूश होतो.

एकदा असाच मागडीला गेलो होतो, सावनदुर्ग पाहायला. देवळाबाहेर चहाच्या टपरीवर एक अज्जा बसले होते. कुठून आलात, काय करता, अशी चौकशी झाली. मी म्हटलं, मराठी आहे, इतिहासावर बोलतो, शहाजीराजांच्या बंगळूरबद्दल सांगतो लोकांना. अज्जांनी शांतपणे विचारलं, "बंगळूर घेतलं म्हणता. ज्यांच्याकडून घेतलं ते आमचे गौडा मग कुठे गेले, तेही सांगता का?"

मी गप्प. कारण ते मी कधी सांगितलंच नव्हतं. आणि गौडा गेले कुठे, तर तिथेच, जिथे आम्ही चहा पीत होतो. मागडीला. ज्या रस्त्याने मी गाडी हाकत आलो होतो, त्याच रस्त्याने.

तेव्हा आजचा भाग म्हणजे त्या अज्जांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. थोडं उशिराचं.

वाट आणि तिची नावं

कुठल्याही जुन्या रस्त्याचा इतिहास काढायचा तर आधी त्यावरच्या गावांची नावं वाचावीत. कागद जळतात, दगड फुटतात, नावं मात्र चिवट असतात.

बंगळूर वसवलं केंपेगौडांनी, साल 1537. हे येलहंकेचे नाडप्रभू, विजयनगरच्या छत्राखालचे सरदार. दंतकथा अशी की त्यांनी आजच्या चिकपेटेच्या चौकात चार बैलजोड्या उभ्या केल्या, चार दिशांना नांगर धरायला लावला, आणि जे तास पडले त्यांचे पेठेचे मुख्य रस्ते झाले. दंतकथा बाजूला ठेवली तरी पेठेच्या वेशींची नावं खरी आहेत. पूर्वेची हलसूर वेस, उत्तरेची येलहंका वेस, दक्षिणेची आनेकल वेस, आणि पश्चिमेची सोंडेकोप्प वेस. लक्षात घ्या, वेशीला नाव पडतं ते बाहेरच्या गावाचं. आपल्याकडेही तसंच. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा दिल्लीकडे तोंड करून आहे. वाट कुठे जाते, यावरून ती ओळखली जाते. म्हणून बंगळुरात तो मागडी रोड, आणि मागडीत तोच बंगळूर रोड.

आता रस्त्याने चला. विजयनगरजवळ एक स्टॉप आहे, लोक त्याला आजही टोलगेट म्हणतात. शहराची हद्द इथे संपायची तेव्हाचं हे नाव. पुढे कामाक्षीपाळ्य, कोट्टिगेपाळ्य. कन्नडात कोट्टिगे म्हणजे गोठा. आणि मग सुंकदकट्टे. हे नाव मला फार आवडतं. सुंक म्हणजे शुल्क, जकात. कट्टे म्हणजे आपला कट्टा, ओटा. जकातीचा कट्टा. गाडीवान इथे थांबायचा, माल दाखवायचा, पैसे मोजायचा आणि पुढे जायचा. आज तिथे कारखाने आहेत, शोरूम आहेत, सिग्नलला पंधरा मिनिटं मोडतात. पण नाव सांगतं की ही मालाची वाट होती, आणि कोणीतरी तिच्यावर बसून कर घेत होतं. गंमत म्हणजे सुंकदकट्टे ओलांडून थोडं पुढे गेलात की नाईस रोड आडवा येतो. त्यावर चढलात की टोल. कट्टा फक्त थोडा सरकला.

त्यानंतर कडबगेरे, तावरेकेरे. तावरे म्हणजे कमळ, केरे म्हणजे तळं. कमळतळं. 50 किलोमीटर म्हणजे बैलगाडीला दोन दिवस. मध्ये बैल सोडायला, पाणी पाजायला जागा लागणारच. तावरेकेरे साधारण मध्यावर येतं, आणि नावात तळं आहे. बाकी तुम्ही ओळखा.

तावरेकेरेनंतर जमीन बदलते. सपाटी संपते, मोठमोठे खडक डोकं वर काढतात, रस्ता अर्कावती नदी ओलांडतो आणि डावीकडे सावनदुर्ग दिसू लागतो. एकसंध ग्रॅनाइटचा डोंगर, समुद्रसपाटीपासून 1226 मीटर. त्याचे दोन भाग, करिगुड्ड आणि बिळिगुड्ड, म्हणजे काळा डोंगर आणि पांढरा डोंगर. आपण सह्याद्रीची माणसं, किल्ले चढायची सवय. पण सह्याद्रीचा कातळ थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. हा गुळगुळीत. धरायला काही नाही. असा किल्ला रस्त्याच्या एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला उघड्या पठारावरची मातीच्या तटाची पेठ. रस्त्याचा सगळा इतिहास या दोन टोकांमध्ये आहे.

1638: दोन हरलेली माणसं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गौडा मागडीला का गेले?

त्यासाठी दोन वर्षं मागे जायला हवं. 1636. शहाजीराजे माहुलीच्या किल्ल्यात अडकले होते. निजामशाहीचा एक लहान वारस गादीवर बसवून त्यांनी मोगल आणि आदिलशाही अशा दोघांशी झुंज दिली होती. ती संपली. निजामशाही बुडाली, मुलगा मोगलांच्या हवाली झाला आणि शहाजीराजांना विजापूरची चाकरी पत्करावी लागली. पुणे-सुप्याची जहागीर राहिली, पण त्यांना स्वतःला पाठवलं गेलं दूर दक्षिणेत. हरलेल्या पण कर्तबगार माणसाचं काय करायचं, याचं त्या काळातलं हे उत्तर होतं. मारायचं नाही, कारण तो कामाचा आहे. घरी ठेवायचं नाही, कारण तो धोक्याचा आहे. लांब पाठवायचं.

रणदुल्लाखानाच्या हाताखाली विजापूरची फौज कर्नाटकात उतरली, शहाजीराजे त्यात होते. आधी इक्केरी झाली. मग 1638 च्या अखेरीस बंगळूर. त्या वेळचे केंपेगौडा हे शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या घराण्यातले. त्यांनी पेठ लढवली, पण फौज मोठी होती. शेवटी तह झाला. बंगळूर विजापूरकडे गेलं आणि पुढे शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. केंपेगौडांनी बंगळूर सोडायचं, पण मागडी आणि सावनदुर्गाचा मुलूख त्यांच्याकडे राहील असं ठरलं.

हे नीट ऐका. केंपेगौडांना मारलं नाही, घराणं बुडवलं नाही. त्यांना 50 किलोमीटर लांब पाठवलं.

दोन वर्षांपूर्वी शहाजीराजांच्या बाबतीत जे झालं, तेच आता केंपेगौडांच्या बाबतीत झालं, फक्त अंतर कमी. मी इतकी वर्षं ही गोष्ट विजेता आणि पराभूत अशी सांगत होतो. मागडी रोडवरून पाहिलं तर दिसतं की आपल्या गावाला मुकलेला एक माणूस दुसऱ्या एका माणसाच्या गावात राहायला आला आहे. बंगळूर शहाजीराजांचं स्वप्न नव्हतं, ती त्यांची बदली होती. त्यांनी तिथे दरबार उभा केला हा त्यांचा मोठेपणा. जयराम पिंड्ये या कवीने त्याच दरबारात राधामाधवविलासचंपू रचला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो पुढे संपादून छापला, म्हणून आज आपल्याला त्या दरबाराची कल्पना येते. जिजाऊ आणि बाल शिवाजी काही काळ इथे राहून गेले. हे सगळं आपल्याला ठाऊक असतं, आपण ते अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच.

पण त्याच वर्षांत 50 किलोमीटरवर आणखी एक दरबार चालू होता, त्याबद्दल आपण बोलत नाही. मागडीत केंपेगौडांच्या घराण्याने कोट बांधला, सोमेश्वराचं देऊळ बांधलं, तळी बांधली. रंगनाथस्वामींचं देऊळ तिथे आधीपासून होतं, त्याला या घराण्याचा आश्रय मिळाला. म्हणजे ज्या घराण्याने बंगळूर वसवलं, त्याने गाव गमावल्यावर रडत न बसता दुसरं गाव नांदतं केलं. मराठी माणसाला हे सांगायला हवं का? आपणही तेच करत आलो.

49 वर्षं

ही व्यवस्था टिकली 49 वर्षं. 1638 ते 1687. एका टोकाला भोसले, दुसऱ्या टोकाला गौडा. मधल्या वाटेने माल जात होता, येत होता. सावनदुर्गाच्या जंगलात वेळू अमाप. शहराला टोपल्या लागतात, सुपं लागतात, चटया लागतात, घरांना वासे लागतात.

इथे एक छोटी गोष्ट. 1669 मध्ये व्यंकोजीराजांनी मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला एक गाव दान दिलं, त्याचा शिलालेख आहे. मल्लपूर म्हणजे आजचं मल्लेश्वरम. दान दिलेल्या गावाचं नाव मेदरनिंगनहळ्ळी. मेदर म्हणजे बुरूड, वेळूचं काम करणारे. एका मराठा राजाच्या कन्नड मुलखातल्या दानपत्रात बुरुडांचं नाव असं दगडात राहून गेलं. त्यांचा वेळू नेमका कुठल्या जंगलातून यायचा हे लेखात नाही, पण बंगळूरला पश्चिमेचं जंगल किती जवळचं होतं, हे मागडी रोडवर एक फेरी मारली तरी कळतं.

शहाजीराजे 23 जानेवारी 1664 ला होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले. होदिगेरे आज दावणगेरे जिल्ह्यात आहे, समाधी तिथेच आहे. त्यांच्यामागे बंगळूर व्यंकोजीराजांकडे आलं. पुढे व्यंकोजींनी तंजावर घेतलं आणि त्यांचं लक्ष तिकडे लागलं. बंगळूर लांबचं आणि खर्चाचं झालं. मैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांशी ते विकण्याची बोलणी सुरू झाली, किंमत 3 लाख. व्यवहार पुरा होण्याआधीच, 1687 मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासीमखान येऊन थडकला आणि त्याने बंगळूर घेतलं. पण मोगलांनाही ते ठेवायचं नव्हतंच. त्याच रकमेत ते मैसूरकडे गेलं.

मराठ्यांचं बंगळूर असं संपलं. लढाईत गेलं असतं तर निदान पोवाडा झाला असता. हे सौद्यात गेलं.

आणि मागडी? मागडी राहिली. भोसले गेले, मोगल येऊन गेले, मैसूरकर आले, तरी रस्त्याच्या त्या टोकाला गौडाच होते. मराठ्यांचं बंगळूर गेल्यावर आणखी 41 वर्षं. शेवटी 1728 मध्ये मैसूरच्या फौजेने मागडी आणि सावनदुर्ग घेतला. शेवटचे केंपवीरगौडा कैद होऊन श्रीरंगपट्टणला गेले आणि तिथेच वारले. या वेळी "थोडं लांब जा" असं कोणी म्हटलं नाही. 1638 च्या तहात जो समंजसपणा होता, तो 1728 मध्ये नव्हता. मला वाटतं, शहाजीराजांच्या बंगळूरबद्दल अभिमान बाळगायचाच असेल तर तो या गोष्टीचा बाळगावा. त्यांच्या काळात रस्त्याचं दुसरं टोक जिवंत राहिलं.

तोफांसाठी रस्ता

आता थेट 1791. तिसरं इंग्रज-मैसूर युद्ध. एका बाजूला टिपू सुलतान, दुसऱ्या बाजूला इंग्रज, निजाम आणि पुण्याचे पेशवे. कॉर्नवॉलिसने मार्च 1791 मध्ये बंगळूरचा किल्ला घेतला आणि घाईने श्रीरंगपट्टणवर चालून गेला. तिथे त्याची फजिती झाली. पाऊस, रोगराई, दाणा नाही, चारा नाही, बैल हजारोंनी मेले. ओढायला बैल नाहीत म्हणून त्याला स्वतःच्या मोठ्या तोफा निकामी करून टाकाव्या लागल्या. परतीच्या वाटेवर मे महिन्याच्या अखेरीस त्याला मराठ्यांची फौज भेटली. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके. मराठ्यांच्या छावणीचा बाजार भरलेला होता. उपाशी इंग्रज फौजेला तिथे धान्य मिळालं. भाव अर्थातच चढा होता.

या फजितीतून कॉर्नवॉलिस एक गोष्ट शिकला. मागची वाट सुरक्षित नसेल तर पुढचा किल्ला घेता येत नाही. बंगळूर आणि श्रीरंगपट्टण यांच्या मधल्या पट्ट्यात डोंगरी किल्ले होते, त्यांच्यावरून टिपूची माणसं रसदेवर झडप घालत. म्हणून त्याने एकेक किल्ला उचलायचं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये नंदीदुर्ग पडला. डिसेंबरमध्ये पाळी आली सावनदुर्गाची.

सावनदुर्गाचं खरं रक्षण तटबंदी नव्हे, जंगल करत होतं. पायथ्याभोवती वेळूची दाट रानं, आणि तिथली हवा इतकी वाईट म्हणून प्रसिद्ध की अर्धे गोरे तापानेच मरतील असा टिपूच्या बाजूचा हिशेब होता असं इंग्रजांनी लिहून ठेवलं आहे. कर्नल स्टुअर्टच्या तुकडीने तळ दिला तो किल्ल्यापासून सुमारे तीन मैलांवर. तिथून पुढे तोफा न्यायच्या तर वाटच नव्हती. मग वेळू तोडत, खडकांवरून, टेकड्यांवरून तोफांसाठी रस्ता काढला गेला. त्या मोहिमेच्या वृत्तांतात लढाईपेक्षा या रस्त्याच्या कष्टांचंच वर्णन मोठं वाटतं. 10 डिसेंबरला फौज आली, 17 ला तोफा डागायला सुरुवात झाली, 21 ला हल्ला झाला आणि तासाभरात किल्ला पडला. इंग्रजांची हानी नगण्य. अजिंक्य म्हणून नावाजलेला किल्ला. रस्ता होईपर्यंतच तो अजिंक्य होता.

रॉबर्ट होम नावाचा चित्रकार त्या फौजेबरोबर होता. त्याची चित्रं 1794 मध्ये पुस्तकरूपाने लंडनला निघाली, त्यात सावनदुर्ग आहे. विलायतेत लोकांनी ते चित्र पाहिलं असेल आणि म्हटलं असेल, वा, काय डोंगर आहे. वेळू तोडणाऱ्यांची, दगड हलवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. रस्त्यांच्या इतिहासात ती कधीच नसतात.

पाण्याची वाट

1799 मध्ये टिपू पडला आणि लढायांचा काळ संपला. पुढच्याच वर्षी, 1800 मध्ये, फ्रान्सिस बुकॅनन हा डॉक्टर कंपनीच्या हुकुमाने मैसूर मुलूख पाहायला निघाला. तो मागडीच्या भागातही आला. त्याने काय टिपलं? लोखंड गाळणाऱ्या भट्ट्या, जंगलातलं लाकूड, शेती. फौजेच्या नजरेत मागडी म्हणजे किल्ला होता, कंपनीच्या नजरेत ती कच्च्या मालाची जागा झाली. पुढे कमिशनर मार्क कबन यांच्या अमदानीत, 1834 ते 1861, मैसूर राज्यात सुमारे 1,600 मैल रस्ते झाले. वाटांचे रस्ते झाले ते या काळात. गाडी पावसाळ्यातही चालू लागली.

मग विसाव्या शतकात या बाजूने शहरात एक नवीन माल येऊ लागला. पाणी. अर्कावती आणि कुमुद्वती यांच्या संगमावर तिप्पगोंडनहळ्ळीला धरण झालं, 1933 मध्ये. त्याचं नाव चामराजसागर. बंगळूर उंचावर, धरण खाली. म्हणजे पाणी पंपाने चढवून शहराला द्यायचं. 1974 मध्ये कावेरीचं पाणी येईपर्यंत बंगळूरची मुख्य भिस्त याच धरणावर होती. आज ज्या जुन्या बंगळूरकरांना "आमच्या लहानपणी नळाचं पाणी किती गोड होतं" असं म्हणायची सवय आहे, ते पाणी मागडीच्या बाजूचं होतं.

आणि शहराने परतफेड काय केली? सांडपाणी. वरच्या अंगाला कारखाने झाले, वसाहती झाल्या, नदीचे झरे आटले, जे वाहत आलं ते पिण्यालायक राहिलं नाही. 2003 मध्ये सरकारने पाणलोट क्षेत्रात बांधकामावर निर्बंध घातले, तोवर बराच उशीर झाला होता. जकातीच्या कट्ट्यावर शेकडो वर्षं गावाकडून येणाऱ्या मालाची मोजणी झाली. शहराकडून काय बाहेर जातं, ते मोजायला मात्र कोणी कट्टा बांधला नाही.

आज

आज या रस्त्यावरून जाल तर कुठे शहर संपलं ते कळणार नाही. मेट्रोचं मागडी रोड स्टेशन 2015 मध्ये सुरू झालं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने मेट्रोच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यातला एक मार्ग होसहळ्ळी ते कडबगेरे, 12.5 किलोमीटर, 9 स्थानकं, सगळा याच रस्त्यावरून. सुंकदकट्ट्याच्या डोक्यावरून गाडी जाईल. पलीकडे रुंदीकरण आहे. कडेची जुनी झाडं, दगड, पार यांचं काय होतं, हे रुंदीकरण पाहिलेल्या कोणालाही विचारा.

मला रस्ता अडवायचा नाही. मागडीच्या मुलांना कॉलेजला, कामाला बंगळूरला यावं लागतं, त्यांना चांगला रस्ता हवाच. त्या अज्जांचा नातूही रोज येतो-जातो, असं ते म्हणाले. पण दोन गोष्टी सांगून थांबतो.

पहिली. 2015 मध्ये मागडी तालुक्यातल्या केंपापूर नावाच्या लहानशा गावात एक मंटप लोकांच्या नजरेत आला. त्यावरच्या कोरीव लेखावरून कळलं की ही बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांची समाधी आहे. विचार करा. ज्या माणसाच्या नावाने विमानतळ आहे, बस स्टँड आहे, मेट्रो स्टेशन आहे, ज्याचा 108 फुटी पुतळा 2022 मध्ये उभा राहिला, त्याची समाधी मागडीच्या बाजूला आहे हे शहरातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. पश्चिमेच्या या वाटेकडे शहराने पाठ फिरवली होती, त्याचा याहून मोठा पुरावा काय द्यायचा? आणि आपण मराठी लोक हसू नये. होदिगेरेला आपल्यापैकी किती जण जाऊन आलेत? शहर वसवणारा आणि शहराचा जहागीरदार, दोघांच्याही समाध्या शहराबाहेर, दोन्हीकडे गर्दी नाही.

दुसरी. मागडी तालुका आधी बंगळूर जिल्ह्यात होता. 1986 मध्ये बंगळूर ग्रामीण जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तो त्यात गेला. 2007 मध्ये रामनगर जिल्हा झाला, त्यात गेला. आणि 2025 मध्ये सरकारने रामनगर जिल्ह्याचं नाव बदलून बंगळूर दक्षिण केलं. मागडी आहे शहराच्या पश्चिमेला, नाव पडलं दक्षिण, ते जाऊ द्या. पण 1638 मध्ये ज्यांना बंगळूर सोडून मागडीला जावं लागलं, त्यांच्या मागडीपर्यंत 387 वर्षांनी बंगळूरचं नावच चालत आलं. त्याच रस्त्याने.

आता पाहुणे आले की मी चिकपेट दाखवतो, मल्लेश्वरम दाखवतो, आणि वेळ असेल तर त्यांना गाडीत घालून मागडीला नेतो. "1638 मध्ये शहाजीराजांनी बंगळूर घेतलं," हे वाक्य अजून म्हणतो. पण तिथेच थांबत नाही. पुढचं वाक्य सुंकदकट्ट्याच्या सिग्नलला सुरू होतं आणि सोमेश्वराच्या देवळापाशी संपतं. मधल्या ट्रॅफिकमुळे सांगायला भरपूर वेळ मिळतो, हा या रस्त्याचा आजचा फायदा.

तुमच्या गावाजवळही असा एखादा रस्ता असेल. हिरव्या डोक्याचे दगड, 40-50 किलोमीटर, रोजचा. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण गेलं होतं, आणि कोणाला तिकडे का जावं लागलं, एवढं विचारून पाहा. घरातल्या मोठ्यांना विचारा, चहाच्या टपरीवर विचारा. आणि काही हाती लागलं तर मलाही कळवा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.